गाडी पेट्रोल पिते कुठे?

गेल्या वर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी विहाराच्या आवारात आम्ही चपला शोधत होतो. तेवढ्यात आमच्या मानलेल्या बहिणीचा थोरला मुलगा जवळ आला. ‘जयभीम मामा,’ म्हणाला आणि मग नुसताच उभा राहिला. काय रे, असे विचारल्यावर म्हणाला, ‘गाडी विकायला काढतोय. कुणी गिऱ्हाईक असलं तर सांगा.’

ही गाडी त्याने पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेली. सात वर्षे वापरलेली, हजार सीसीची, पेट्रोलवर चालणारी. मिरवायला घेतली नव्हती. दाजींची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि त्यांना आठवड्यातून तीनदा कल्याणहून ठाण्याला डायलिसिससाठी न्यावे लागते. चार तास यंत्राला जोडलेला माणूस सुटतो तेव्हा त्याच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण नसते. त्याला लोकलच्या गर्दीत कसे कोंबणार? आणि रिक्षाचे भाडे आठवड्यातून सहा वेळा कोण देणार? मुलगा भिवंडीच्या गोदामात दुपारच्या पाळीला जातो, मध्यरात्री परततो आणि पहाटे पाचला वडिलांना घेऊन निघतो. गाडी इतके पेट्रोल पिऊ लागली होती की त्यावरून घरात रोज खटके उडत होते. ते ऐकून दाजी एकदा म्हणाले, ‘दोनदाच जाऊ आठवड्यातून, चालतंय.’ चालत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना दहा वेळा सांगितलेले आहे.

वाचकहो, आम्ही उभी हयात कारखान्याच्या गाड्यांखाली पाठीवर झोपून काढली. त्यामुळे गाडी विकण्याआधी एकदा आम्हाला दाखव, एवढेच त्याला म्हटले.

पहिला प्रश्न विचारला, गाडी लिटरला किती चालते? तो म्हणाला, ‘ते काय माहीत नाही मामा. पाचशेचं टाकतो, दोन-तीन दिवसांत काटा खाली येतो.’

इथेच आपल्यापैकी बहुतेकांची गाडी अडते. आपण पेट्रोल लिटरमध्ये घेत नाही, रुपयांत घेतो. खिशात जसे असतील तसे, कधी दोनशेचे, कधी पाचशेचे. मग भाव वाढला तरी ‘गाडी जास्त पिते’ असेच वाटते आणि महिनाभरात फेऱ्या वाढल्या तरी तसेच. गाडी खरोखर किती पिते हे मोजल्याशिवाय कळत नाही आणि न मोजता गॅरेजमध्ये गेलेला माणूस तिथल्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसतो. आमच्या भाच्याचे तेच झाले होते. एका गॅरेजवाल्याने सांगितले, इंजिन गेले, रिंग-पिस्टन करावे लागेल, पंचवीस हजार आण. दुसरा म्हणाला, इंजिनाला काही झालेले नाही, सगळा दोष इथेनॉलचा, काही करू नकोस. दोघांनीही एक आकडा विचारला नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची. वरून ‘राउंड फिगर’ करायला आणखी टाकू द्यायचे नाही. गाडीतला ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. मग नेहमीसारखी किमान तीनशे किलोमीटर गाडी चालवायची आणि त्याच पंपावर, शक्यतो त्याच यंत्रावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत पुन्हा भरायचे. पावतीवर जितके लिटर येतील त्यांनी किलोमीटरला भागायचे. टाकी एकदम भरायला अडीच-तीन हजार लागतात हे आम्हाला ठाऊक आहे. भाच्यानेही पगाराची वाट पाहिली. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी इंधन संपत आल्याचा पिवळा दिवा लागेल त्या क्षणी मीटर लिहून ठेवावा. नंतर टाकलेल्या प्रत्येक पावतीचे लिटर वहीत लिहावेत आणि चार-पाच वेळा भरून झाल्यावर पुन्हा दिवा लागेल तेव्हा हिशेब करावा. इतका अचूक येत नाही, पण अंदाजापेक्षा शंभरपट बरा.

पहिल्या टाकीचा आकडा आला तो असा: ३४२ किलोमीटर, २८.५ लिटर. म्हणजे लिटरला १२. गाडी घेतली तेव्हा हीच गाडी याच रस्त्यावर सतराच्या आसपास देत होती, असे वहीत नव्हे, पण त्याच्या आठवणीत होते.

आता इथेनॉलचे बघू. हल्ली जो तो तेच म्हणतो. २०२३ पासून काही पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा गाडी थोडी कमी चालणार यात शंका नाही. पण किती कमी? ज्या गाड्या या इंधनासाठी बनवलेल्या नाहीत त्यांच्यात ६ ते ७ टक्के घट होईल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये ३ ते ६ टक्के म्हटले. आपण मोठाच आकडा धरू, ७ टक्के. सतराचे सोळा होतील. बारा होणार नाहीत. मधले चार किलोमीटर दुसरीकडे कुठेतरी जात होते, आणि जो म्हणाला ‘काही करू नकोस’ तो ते शोधायचा कंटाळा करत होता.

पंपावर माप कमी देतात ही दुसरी शंका. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप ठेवावे लागते आणि ग्राहकाने मागितले तर त्यात पेट्रोल ओतून दाखवावे लागते. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून जास्त असला तर वैध मापन विभागाकडे तक्रार करता येते. भाच्याने लाजत लाजत माप मागितले. बरोबर निघाले.

रिंग-पिस्टनचे निदान आम्ही उभ्या उभ्या खोडून काढले. रिंगा गेल्या की इंजिन ऑइल पिते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. या गाडीचे ऑइल महिनाभरात खाली गेले नव्हते आणि धूर नव्हता. पंचवीस हजार वाचले, निदान तेवढ्यापुरते.

मग चाकांकडे वळलो. हवा प्रत्येक टायरमध्ये सहा-सात पौंड कमी होती. हवा किती असावी हे ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेले असते आणि ती टायर थंड असताना मोजायची. पण हवेने सगळे सुधारेल असे जे सांगतात त्यांनी आकडा ऐकावा. चारही टायरांत एक पौंड हवा कमी झाली तर इंधनाचा खर्च सरासरी ०.२ टक्क्याच्या आसपास वाढतो. सात पौंडांचा दीड टक्का झाला. हवा भरावीच, टायर टिकतो आणि ब्रेक नीट लागतो, पण आमचा चोर तो नव्हता.

खरी खूण वेगळीच मिळाली. दहा-बारा किलोमीटर, ब्रेक कमीत कमी वापरून, भाच्याला गाडी आणायला सांगितली. थांबल्यावर चारही चाकांच्या मधोमध हात जवळ नेऊन पाहिला. नुसता जवळ, कारण चाक भाजण्याइतके तापलेले असू शकते. तीन चाके कोमट आणि मागचे डावे चाक चांगलेच गरम! जॅक लावून चाक हाताने फिरवले तर ते खसखसत अर्धा फेराच जाई. हँडब्रेकची केबल पावसाळ्याच्या पाण्याने गंजून आतल्या आत अडकली होती. हँडब्रेक खाली केला तरी त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. म्हणजे हा मुलगा तीन-चार महिने एक पाय ब्रेकवर ठेवल्यासारखी गाडी ओढत होता. केबल बदलली, ड्रम साफ केला. पुढच्या टाकीला ३३८ किलोमीटर आणि २६ लिटर. बरोबर १३.

एक किलोमीटर मिळाला, पण समाधान होईना. आणि इथे आमची चूक सांगितली पाहिजे. आमचे हात जुन्या गाड्यांवर तयार झालेले. फियाट टॅक्सीच्या जमान्यात पेट्रोल जास्त गेले की आम्ही एअर फिल्टर झटकायचो, प्लग घासायचो, कार्ब्युरेटरचा जेट बघायचो, चोक ओढलेला राहिला का ते बघायचो, आणि निम्म्या वेळा काम व्हायचे. त्याच सवयीने आम्ही भाच्याला नवे प्लग आणि नवा एअर फिल्टर आणायला लावले. हजारभर रुपये गेले. टाकी मोजली, पुन्हा तेराच. नंतर आमच्या वाचनात आले की अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हेच तपासले होते. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर तुंबला तर गाडी ओढत नाही, पण पेट्रोलचा खर्च फारसा बदलत नाही. कारण हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही तितकेच कमी करतो. कार्ब्युरेटरला ती अक्कल नव्हती. आमच्या डोक्यातही नव्हती म्हणा.

पुढचा शोध आमचा नाही, भाचीचा. भाच्याची धाकटी बहीण आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या वर्गात शिकते. ती एके संध्याकाळी एक काळी डबी घेऊन आली. स्टिअरिंगखाली एक खाच असते, त्यात ती डबी बसवायची आणि मोबाईलवर इंजिनाचे आकडे वाचायचे. डबी हजाराच्या आत मिळते. तिने वर्गातल्या मैत्रिणीची मागून आणली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती वडील आणि भावाबरोबर गाडीत बसली. कोनगाव, राजनोली नाका, माणकोली, माजिवडा, सगळा रस्ता ती एकच आकडा बघत गेली. दुपारी येऊन म्हणाली, ‘मामा, इंजिन तापतच नाही. साठच्या वर गेलंच नाही.’

आम्ही म्हणालो, बरे आहे की, थंड आहे तर. ती म्हणाली, ‘नाही मामा, पंच्याऐंशी-नव्वद पाहिजे.’ आम्हाला पटेना. मग तिने जे करून दाखवले ते कोणालाही डबीशिवाय करता येते. सकाळी थंड गाडी सुरू करायची. रेडिएटरला जाणारी वरची जाड रबरी नळी, पंख्यापासून हात दूर ठेवून, चाचपायची. पहिली काही मिनिटे ती गार राहिली पाहिजे आणि मग एकदम गरम झाली पाहिजे. आमच्या गाडीची नळी पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत होती. म्हणजे पाण्याची वाट सुरुवातीपासून उघडीच. नळीच्या तोंडाचे झाकण खोलले तर आत थर्मोस्टॅट नव्हताच! रिकामी जागा!

हा थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या कांडीवर चालणारी छोटी झडप. इंजिन थंड असते तोवर ती बंद राहते आणि आतले पाणी आतच फिरते, म्हणून इंजिन लवकर तापते. मग मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे थंड व्हायला जाते. भाच्याला आठवले. दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडी राजनोलीच्या कोंडीत तापली होती, तेव्हा एका मेकॅनिकने ‘आपल्याकडच्या उन्हात याची गरज नाही’ म्हणून तो काढून टाकला होता. त्याच्या मनात वाईट नव्हते. आपल्याकडे ही पद्धतच पडली आहे आणि आमच्याही हातून जुन्या गाड्यांत ती घडली आहे. तापण्याचे खरे कारण, म्हणजे बंद पडलेला पंखा, त्याने नंतर बदलला. झडप परत बसवायला कुणालाच आठवले नाही.

थंड इंजिन जास्त का पिते? ओल्या लाकडाची चूल आठवा. रॉकेल ओतत राहावे लागते तेव्हा कुठे ती धरते. थंड लोखंडावर पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडतो. इंजिन तापले की त्याने ते कमी करायचे असते. पण इंजिन साठच्या पुढे गेलेच नाही तर तो बिचारा समजतो, गाडी आत्ताच सुरू झाली आहे. शिवाय न जळालेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि इंजिन झिजवते ते वेगळेच. ऑइलची कांडी ओढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर शंका घ्यायला जागा आहे. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा काटाच नसतो, फक्त तापल्यावर लागणारा लाल दिवा असतो. तापले नाही हे सांगणारे काहीच नाही. ज्यांच्या गाडीत निळा दिवा असेल त्यांनी तो काही मिनिटांत विझतो का ते बघावे. आणि एक ताकीद: गरम गाडीच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, उकळते पाणी तोंडावर येते.

झडप काही शे रुपयांची. नवे कूलंट घातले. भाचीने स्वतः बसवली, आम्ही फक्त बॅटरी धरली. टाकीचा आकडा ३४५ किलोमीटर, २३ लिटर. लिटरला १५.

इथे आम्ही थांबलो असतो. पण भाची म्हणाली, अजून दोन कुठे आहेत? आणि तिने भावाला सरळ विचारले, ‘बाबा आत असतात ते चार तास तू काय करतोस?’

तो काही बोलेना. मग म्हणाला, झोपतो. रात्री साडेबाराला जेवून पडायचे, साडेचारला उठायचे. तेव्हा वडिलांना आत पाठवल्यावर डोळे मिटतातच. काचा उघड्या ठेवल्या तर डास, बंद केल्या तर घुसमट. म्हणून अर्धा-पाऊण तास एसी लावून झोपायचे. गाडी उभीच आहे, तेव्हा पेट्रोल कितीसे जाणार, असे त्याला वाटे. घरात भांडणे होऊ लागली तेव्हा सांगायची लाज वाटू लागली.

उभ्या गाडीत एसी लावून इंजिन चालू ठेवले तर छोटी गाडीही तासाला अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल घेते आणि एक किलोमीटरही देत नाही. म्हणूनच सिग्नलला इंजिन बंद करा, गाडी ४५ ते ५५ च्या वेगाने चालवा असे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, जी १९७८ पासून हेच काम करते, वर्षानुवर्षे सांगत आली आहे. आम्हाला पेट्रोलपेक्षा दुसरी धास्ती वाटली. बंद जागेत, विशेषतः तळघरातल्या पार्किंगमध्ये, चालू इंजिनाच्या गाडीत झोपलेल्या माणसाला धुराचा विषारी वायू लागू शकतो आणि त्याला वास नसतो. तसे झोपू नका, एवढे आम्ही जरा आवाज चढवूनच म्हणालो.

पण झोपेचे काय करायचे? त्या मुलाने आळस केला नव्हता. रात्रभरात चारच तास मिळणाऱ्या माणसाला कुणी दोष द्यावा? बहिणीनेच तोड काढली. डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकड्यांवर नातेवाईकांना बसू देतात, तिथे चादर घेऊन तो आता आडवा होतो. आणि खिडकीला बसवायची जाळी तिने मच्छरदाणीच्या कापडाची शिवून दिली, ती लावून काचा उघड्या ठेवता येतात.

पाचवी टाकी ३५७ किलोमीटर, २१ लिटर. सतरा.

महिन्याला त्यांची गाडी आठशे किलोमीटर चालते. बाराने सदुसष्ट लिटर लागायचे, सतराने सत्तेचाळीस. वीस लिटरचा फरक आणि आपल्या भागात लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. पंचवीस हजारांच्या रिंग-पिस्टनने यातले काहीच मिळाले नसते. जाता जाता, पेट्रोलच्या नळीवर बांधायचे चुंबक आणि टाकीत टाकायची ‘मायलेजची औषधे’ यांचीही त्याच्याकडे कुणीतरी शिफारस केली होती. तो गाडीला बांधायचा गंडा आहे, दुसरे काही नाही.

तुमच्या गाडीत हीच तीन कारणे निघतील असे नाही. इंजिनाचा पिवळा दिवा जळत असेल तर आधी तो का जळतो ते वाचून घ्यावे, ऑक्सिजन सेन्सर बिघडला असेल तर खर्च पुष्कळ वाढतो, पण तपासल्याशिवाय तो बदलायला कुणी सांगितले तर होय म्हणू नये. इंजिन ओरडते आणि गाडी पुढे जात नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. गाडीखाली किंवा बॉनेटजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर उंदरांनी नळी कुरतडली आहे का ते दिवसाच्या उजेडात बघावे, काडी ओढून नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि टाकी मोजावी. सगळे एकदम बदलले की पैसे कशाला गेले ते कळत नाही.

दाजी तिन्ही दिवस जातात. भाचीने गेल्या महिन्यात शिकाऊ लायसन काढले. पक्के मिळाले की शनिवारची फेरी ती करणार, म्हणजे भावाला आठवड्यातून एक पहाट तरी पूर्ण झोप मिळेल. वही तिनेच ताब्यात घेतली आहे आणि भावाने पावती विसरली की त्याला पंपावर परत पाठवते.